स्फटिक, अंक आणि तक्ता : स्वस्त बिनतारी हातसंचाच्या कंप्रतेचा इतिहास, हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास मराठीत बहुधा दोन अंगांनी सांगितला गेला आहे. एक अंग संशोधकांचे : हर्ट्झ, जगदीशचंद्र बोस, मार्कोनी यांच्या प्रयोगांचे. दुसरे अंग नभोवाणीचे, म्हणजे एकाने बोलावे व लाखोंनी ऐकावे या व्यवस्थेचे. या दोहोंत एक साधा प्रश्न उपेक्षित राहतो. दोन माणसे हातांत लहानसे संच घेऊन परस्परांशी बोलतात, तेव्हा ते संच कोणत्या कंप्रतेवर बोलतील हे कोण ठरवितो, आणि ठरविलेली ती गोष्ट संचात नेमकी कोठे वास करते? कंप्रता म्हणजे व्यवहारात जिला फ्रीक्वेन्सी म्हणतात ती, तरंगाच्या दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या. या प्रश्नाचे उत्तर गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत तीनदा बदलले. प्रथम ती गोष्ट एका स्फटिकात होती. पुढे ती एका अंकात आली. आणि आज ती संगणकाच्या पडद्यावर भरावयाच्या एका तक्त्यात आहे. या स्थलांतराबरोबर कायद्याची पकड कशी सुटत गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी हिंगोली जिल्हा घेण्यास कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे : हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेकडून पूर्णा, मधून कयाधू, आणि औंढ्याच्या बाजूस डोंगरांच्या रांगा अशी त्याची ठेवण आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीमुळे हिंगोलीचे नाव एकोणिसाव्या शतकातील लष्करी कागदपत्रांत वारंवार येते. इंग्रजी अमदानीत पैनगंगा ही दोन राज्यव्यवस्थांमधील सीमा होती. उत्तरेस वऱ्हाड, जेथे कारभार ब्रिटिशांचा. दक्षिणेस निजामाचे राज्य, जेथे टपाल निराळे, तिकिटे निराळी आणि नाणेही निराळे. अशा नदीच्या काठी उभे राहिले म्हणजे बिनतारी कायद्याची मूळ अडचण चटकन लक्षात येते. कायद्याला काठ असतो, तरंगाला नसतो.

हिंदुस्थानातील बिनतारीविषयक कायद्याचे दोन खांब होते. १८८५ च्या तार अधिनियमाने तारयंत्र उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. परंतु केवळ यंत्र जवळ बाळगणे हा त्या अधिनियमाखाली सहज सिद्ध होणारा अपराध नव्हता. नभोवाणी सुरू झाल्यावर शुल्क न भरता ऐकणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम आला. परवान्यावाचून बिनतारी यंत्र ताब्यात असणे हाच गुन्हा, हे त्याचे सार. म्हणजे ज्या कायद्याने पुढे नव्वद वर्षे दुतर्फा बोलणाऱ्या संचांचे नियमन केले, त्याचा जन्म बोलणाऱ्यांमुळे नव्हे, फुकट ऐकणाऱ्यांमुळे झाला होता. श्रोत्यांचा तो परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. ताबा हा गुन्हा मानण्याचे तत्त्व मात्र राहिले. हा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानपुरता होता. हिंगोली तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात असल्याने तेथे हैदराबादचाच कारभार चाले. हैदराबादच्या राज्याला स्वतःचे नभोवाणी केंद्रही होते. ते १९५० मध्ये आकाशवाणीकडे आले. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि ही निराळी चूल मोडली.

यंत्र ताब्यात घेतले की आवाज बंद पडतो, हा या कायद्याचा गृहीत सिद्धांत. तो त्या काळी किती खरा होता याचे उत्तम उदाहरण मुंबईचे आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी बिनतारी चालकांचे परवाने रद्द करून त्यांचे प्रक्षेपक जमा करून घेतले. तरीही ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचे काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटर तरंगलांबीवर बोलू लागले. कंप्रतेच्या भाषेत ही तरंगलांबी सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर येते. हौशी चालकांचा ४० मीटरचा पट्टा तोच. यंत्राच्या जुळवणीमागे हौशी चालकांचे ज्ञान होते याची ही खूणच म्हणावी. पोलिसांना चुकविण्यासाठी केंद्राची जागा पुन:पुन्हा बदलण्यात आली, परंतु तरंगलांबी सहजी बदलता येत नव्हती. श्रोत्याला तोच आकडा ठाऊक होता, आणि यंत्रही त्यासाठीच जुळविलेले होते. पत्ता फिरता आणि आकडा स्थिर, अशी ती स्थिती होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात यंत्र चालू असता धाड पडली, यंत्र हाती लागले, आणि आवाज थांबला. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. कायद्याच्या दृष्टीने पाहता त्याचे गृहीत त्या दिवशी अक्षरशः खरे ठरले.

त्याच सुमारास अमेरिकेत हातात धरावयाचा संच तयार झाला होता. १९४१ पासून बनू लागलेला एससीआर-५३६ हा सैनिकी हातसंच सुमारे पाच पौंड वजनाचा होता. त्याचा आकाशक, म्हणजे अँटेना, बाहेर ओढला की संच चालू होई व आत ढकलला की बंद होई. तो एकाच कंप्रतेवर बोले. ती कंप्रता बदलावयाची झाल्यास संच कारखान्याच्या पद्धतीने उघडून त्यातील स्फटिक व वेटोळी बदलावी लागत आणि मग पुन्हा जुळवणी करावी लागे. रणांगणावरच्या शिपायाच्या हाती बोलण्याचे बटन होते. काय आकडा असावा हे मात्र मागच्या कार्यशाळेत ठरलेले असे.

येथे स्फटिकाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व कथेचा पाया तोच आहे. क्वार्ट्झच्या पातळ चकतीवर विद्युद्दाब दिला असता ती किंचित वाकते, आणि वाकविली असता तिच्यावर विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविला. त्याचा उपयोग करून स्थिर कंप्रता देणारे आंदोलक १९२० च्या दशकाच्या आरंभी तयार झाले. चकती जितकी पातळ तितकी कंप्रता अधिक. नेहमीच्या छेदाच्या चकतीसाठी गणित सोपे आहे : १.६६ ला मिलिमीटरमधील जाडीने भागले की मेगाहर्ट्झमध्ये कंप्रता येते. पाच मेगाहर्ट्झसाठी जाडी होते एक तृतीयांश मिलिमीटर. चकती घासणारा कारागीर दगडावर आकडा कोरीत असे म्हटले तरी चालेल. त्याहून उच्च कंप्रता हवी असल्यास स्फटिकाची मूळ कंप्रता विद्युन्मंडलात गुणून घेत, उदाहरणार्थ, १२.१२५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची कंप्रता बारापट केली की १४५.५ मेगाहर्ट्झ मिळतात. बोलण्यास एक व ऐकण्यास एक असे दर वाहिनीमागे दोन स्फटिक लागत. सहा वाहिन्यांचा संच म्हणजे बारा स्फटिक. प्रत्येक स्फटिक मागवावा लागे, त्याला पैसे पडत, आणि त्याच्या डबीवर त्याचा आकडा छापलेला असे.

स्वातंत्र्योत्तर काळात पोलीस, रेल्वे, वनखाते यांची बिनतारी व्यवस्था प्रदीर्घ काळ अशा स्फटिकांवर चालली. १९५२ मध्ये केंद्र सरकारने बिनतारी नियोजन व समन्वय शाखा स्थापन केली, आणि कोणत्या खात्यास कोणती कंप्रता द्यावयाची हे तिच्या कागदावर ठरू लागले. त्या कागदावरील आकडा आणि संचातील स्फटिकावरचा आकडा एकच असे. परवाना आणि वस्तू यांची अशी सांगड क्वचितच पाहावयास मिळते. तपासनिसाने संचाचे झाकण उघडावे, स्फटिकावरचा आकडा वाचावा, परवान्याशी ताडून पाहावा, इतके ते सोपे होते. ताबा हा गुन्हा मानणारा कायदा अशा यंत्राला चपखल बसला यात आश्चर्य नाही.

ही सांगड प्रथम सैल केली ती कंप्रता-संश्लेषक मंडलाने. १९७० च्या दशकात हे मंडल एकाच चिपमध्ये बसू लागले. त्यात स्फटिक असतो, परंतु एकच, आणि तो केवळ मापाचा दंड म्हणून. समजा त्या दंडापासून १२.५ किलोहर्ट्झचे माप घेतले, आता १४५.५ मेगाहर्ट्झ हवे असल्यास मंडलाला ११६४० हा गुणक सांगावयाचा, १४५.५१२५ हवे असल्यास ११६४१. दगड घासण्याचे काम संपले व अंक सांगण्याचे उरले. तो अंक प्रथम चक्राकार कळीने, मग एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीने, आणि अखेरीस विद्युत्‌-संकेताने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीने पुरविला जाऊ लागला. व्यावसायिक संचांच्या निर्मात्यांनी या स्मृतीभोवती नवे कुंपण घातले. ती लिहिण्याची आज्ञावली अधिकृत विक्रेत्यालाच मिळे, तार निराळी, आणि संचाला कधी परवलीचा शब्दही असे. या नोंदींच्या संचाला त्या व्यवसायात आजही कोडप्लग म्हणतात. एके काळी खरोखरच खुपसून बसवावयाच्या वस्तूची ती शब्दरूप आठवण आहे. म्हणजे स्फटिकाच्या जागी अंक आला तरी तो अंक लिहिणारा हात पूर्वीप्रमाणे कार्यशाळेतच राहिला. ही दुसरी अवस्था सुमारे तीस वर्षे टिकली.

तिसरी अवस्था स्वस्त चिनी संचांची. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध संच, फूच्येन प्रांतात बनणारा बाओफेंग यूव्ही-५आर, २०१२ मध्ये जगाच्या बाजारात आला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २५ डॉलर होती. त्या काळी नामांकित निर्मात्यांचा तसा संच त्याच्या अनेकपट किमतीस मिळे. हे स्वस्तपण चिपमुळे आले. ग्रहण व प्रक्षेपण यांचे बहुतेक काम एकाच चिपवर होत असल्याने आतील भाग थोडे आणि जुळवणी नाममात्र राहिली. संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० मेगाहर्ट्झपासून वर ४८० किंवा ५२० पर्यंत अशा दोन विस्तीर्ण पट्ट्यांत बोलू व ऐकू शकतो. त्यात १२८ वाहिन्या साठविता येतात. त्या कळफलकावरूनही भरता येतात, परंतु प्रत्येक वाहिनीसाठी यादीतील अनेक कलमांतून फिरावे लागते, आणि वाहिनीला नाव द्यावयाचे झाल्यास कळफलक निरुपयोगी ठरतो. नावे संगणकावरूनच जातात. या गैरसोयीमुळेच संगणक या कथेत आला.

संगणकाच्या बाजूस जी आज्ञावली सर्वाधिक वापरली गेली ती चर्प. डॅन स्मिथ या अमेरिकन हौशी चालकाने २००८ मध्ये तिचा आरंभ केला. ती विनामूल्य आहे, तिची घडण सर्वांस पाहावयास खुली आहे, आणि निरनिराळ्या निर्मात्यांच्या शेकडो संचांची अंतर्गत रचना हौशी मंडळींनी एकेक करून उलगडून तिच्यात घातली आहे. निर्मात्याने झाकून ठेवलेला तक्ता ग्राहकांनी मिळून वाचला, असा या घटनेचा अर्थ आहे. तंत्रेतिहासात तिला मिळावयास हवे तितके महत्त्व अद्याप मिळालेले नाही.

हा तक्ता प्रत्यक्षात कसा असतो? यूव्ही-५आरच्या स्मृतीत प्रत्येक वाहिनीस सोळा बाइटांची एक ओळ मिळते. पहिले चार बाइट ऐकण्याच्या कंप्रतेचे, पुढील चार बोलण्याच्या कंप्रतेचे, नंतर दोन-दोन बाइट ऐकताना व बोलताना वापरावयाच्या सूक्ष्म स्वरसंकेताचे, आणि उरलेले चार शक्ती, पट्ट्याची रुंदी अशा किरकोळ खुणांचे. सोळा गुणिले १२८ म्हणजे २०४८. सगळ्या वाहिन्या मिळून दोन किलोबाइट. कंप्रता तेथे दशमान अंकांतच, दहा हर्ट्झच्या मापाने आणि उलट्या क्रमाने लिहिलेली असते. १४५.५ मेगाहर्ट्झ म्हणजे १४५५००००, आणि स्मृतीत ते ००, ००, ५५, १४ असे दिसते. मोडीच्या दप्तराची सवय असलेल्या वाचकास ही ओळ लावणे अवघड जाऊ नये. नावांसाठी सात अक्षरांची जागा आहे व तीही रोमन लिपीतच. हिंगोली हे नाव रोमन लिपीत बरोबर सात अक्षरांचे होते, सेनगावही तसेच. कळमनुरीला मात्र दोन अक्षरे कमी पडतात.

या कामास सर्वत्र प्रोग्रामिंग म्हणतात. तो शब्द जरा मोठा आहे. येथे कोणतीही आज्ञावली लिहावयाची नसते. तलाठ्याच्या वहीप्रमाणे रकाने भरावयाचे असतात. रीतही ठरलेली आहे. संच बंद करून त्याच्या बाजूच्या दोन छिद्रांत तारेची दुपिनी घट्ट बसवावयाची, दुसरे टोक संगणकाच्या यूएसबी खाचेत घालावयाचे, आणि मग संच चालू करावयाचा. आज्ञावलीत योग्य दार व योग्य नमुना निवडून प्रथम संचातील सर्व मजकूर संगणकावर उतरवून घ्यावयाचा आणि ती प्रत, काहीही न बदलता, जपून ठेवावयाची. त्यानंतरच रकाने बदलावयाचे आणि सुधारलेला मजकूर परत संचात चढवावयाचा. उतरविण्याच्या पायरीला फाटा देणारे पस्तावतात. एकाच नावाच्या संचांतही आतील आवृत्त्या निरनिराळ्या असतात, आणि एका आवृत्तीची प्रत दुसरीत ओतल्यास पडदा, शक्ती, मर्यादा यांच्या नोंदी विस्कटतात.

अडचण बहुधा येते ती तारेत. तारेच्या टोकाशी यूएसबीचे संकेत साध्या क्रमिक संकेतांत बदलणारी एक चिप असते. स्वस्त तारांत ही चिप पुष्कळदा नकली असते, आणि मूळ चिपच्या निर्मात्याने आपल्या नव्या चालक-आज्ञावलीत नकली चिप ओळखून नाकारण्याची तजवीज केली आहे. परिणामी संच निर्दोष, संगणक निर्दोष, तरी दोघांचे बोलणे होत नाही. उपाय म्हणून लोक जुनी चालक-आज्ञावली शोधून बसवितात. दुसरी साधी चूक म्हणजे दुपिनी पुरती आत न जाणे. तिच्या प्लास्टिकचा कडा संचाच्या कवचाला अडतो आणि संच उत्तर देत नाही.

आता तक्त्यातील त्या दुसऱ्या चार बाइटांकडे वळावे. चर्पमध्ये एखाद्या वाहिनीसाठी प्रक्षेपण बंद ठेवावयाचे असे निवडले, की बोलण्याच्या कंप्रतेच्या जागी चारही घरांत एफएफ ही खूण लिहिली जाते. त्या वाहिनीवर संच ऐकतो, पण बटन दाबले तरी बोलत नाही. पूर्वी जे काम बिनतारी खात्याचा परवाना, कार्यशाळेचा कारागीर आणि तपासनीस मिळून करीत, ते आता या चार घरांवर आले. आणि ती घरे भरावयाची की मोकळी सोडावयाची हे संचाचा मालक ठरवितो. शिवाय हा अडसर वाहिनीपुरताच आहे. कळफलकावरून थेट आकडा टाकण्याची वाट तशीच उघडी राहते.

ती वाट कोठे कोठे नेते हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. विमानांच्या संभाषणाचा पट्टा १३७ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, आणि हा संच १३६ पासून बोलू शकतो. जहाजे, विमाने व प्रवासी यांच्या संकटसूचक यंत्रांचे संदेश उपग्रह ४०६ मेगाहर्ट्झवर ऐकतात. तो आकडाही संचाच्या आवाक्यात आहे. पोलीस, रेल्वे व इतर खात्यांच्या वाहिन्या या दोन पट्ट्यांत विखुरलेल्या आहेत. त्यातच स्वस्त संचांतील गाळणी कित्येकदा कच्ची असते. १४५.५ वर बोलताना त्याच्या दुपटीवर, म्हणजे २९१ मेगाहर्ट्झवर, अनाहूत अंश बाहेर पडतो, आणि तो प्रदेश लष्करी विमानांचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने या जातीच्या संचांविषयी जाहीर इशारा दिला. संमती एका पट्ट्यासाठी घेतलेली आणि संच मात्र बाहेरच्या पट्ट्यांतही बोलणारा, हा त्याचा मुख्य आक्षेप होता.

भारतात या संचाचे कायदेशीर स्थान काय? हौशी चालकाचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. १९७८ चे नियम त्याचा आधार होत. भारतीय हौशी चालकास या संचाच्या आवाक्यातील दोन पट्टे खुले आहेत : १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. दोहोंची बेरीज केवळ सहा मेगाहर्ट्झ. संचाचा एकूण आवाका शंभराहून अधिक मेगाहर्ट्झचा असल्याने, मालकाजवळ परवाना असला तरी संचाच्या सामर्थ्याचा बहुतेक भाग त्याला वर्ज्यच राहतो. परवाना नसलेल्या नागरिकासाठी २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा अल्पशक्तीच्या मान्यताप्राप्त संचांना मोकळा केला. वाटेल त्या आकड्यावर नेता येणारा संच या सवलतीचा धनी होत नाही, मग त्याच्या तक्त्यात केवळ ४४६ चीच ओळ का भरलेली असेना. तथापि असे संच ऑनलाइन बाजारात सर्रास विकले जात राहिले. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीमंचांना नोटिसा पाठविल्या आणि बिनतारी संचांच्या बेकायदा विक्रीस प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. विकावयाच्या संचाची कंप्रता, तिला परवाना लागतो की नाही, आणि त्या नमुन्यास मान्यता आहे की नाही, हे विक्रीच्या वेळीच स्पष्ट करावे, असा त्यांचा रोख आहे. दरम्यान १८८५ व १९३३ च्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम झाला व २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. नियमनाचा भर मालकाच्या खिशावरून विक्रेत्याच्या मांडणीकडे वळला, हा बदल लक्षणीय आहे. परंतु विक्रीच्या क्षणी संचात कोणता आकडा आहे यास फारसा अर्थ नाही, ही अडचण त्यानेही सुटत नाही. तक्ता विक्रीनंतर भरला जातो.

एवढ्यावरून या संचांकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणे योग्य होणार नाही, आणि येथे पुन्हा हिंगोलीकडे यावे लागते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व भोवतालच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येण्याचा अनुभव अनेक वर्षांचा आहे. २१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ च्या सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले; जुलैमधील धक्क्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारण्यास २०२३ मध्ये केंद्राने अंतिम मंजुरी दिली, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. मराठवाड्यात भूकंप म्हटले की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या त्या भूकंपानंतर हौशी बिनतारी चालकांनी आपत्कालीन संपर्काच्या कामास हातभार लावला होता. मोबाइलचे मनोरे वीज व तारा यांवर अवलंबून असतात. हातसंचाला शेजारचा हातसंच पुरतो.

किती अंतरापर्यंत पुरतो, याचे गणित मात्र लोकांच्या कल्पनेहून रूक्ष आहे. या कंप्रतांचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्ही आकाशकांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढावी, त्यांची बेरीज ४.१२ ने गुणावी, म्हणजे किलोमीटरमध्ये पल्ला येतो. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या दोन संचांसाठी हा पल्ला सुमारे दहा किलोमीटर भरतो, तोही सपाट व मोकळ्या भूमीवर. घरे, झाडे, उसाचे फड व उंचवटे मध्ये आले की दोन-तीन किलोमीटरांवर समाधान मानावे लागते. हिंगोलीहून औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर, मध्ये चढउतार. हातसंचाने हातसंच गाठणे तेथे संभवत नाही. एक माणूस भोवतालच्या भूमीपासून शंभर मीटर उंच डोंगरावर गेला तर तेच गणित सुमारे सेहेचाळीस किलोमीटर देते. डोंगरमाथ्यावर पुनःप्रक्षेपक असल्यास काम आणखी सुकर होते. तो एका कंप्रतेवर ऐकतो व तेच बोलणे दुसरीवर उच्चारतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंत रूढीने ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. अशा वाहिनीच्या ओळीत ऐकण्याचे व बोलण्याचे बाइट भिन्न भरावे लागतात आणि स्वरसंकेतही द्यावा लागतो. एका संचात यांतील एक आकडा चुकला तर तो चालक सर्वांचे ऐकतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही; आणि चूक कोठे आहे हे त्याला संचाच्या पडद्यावरून कळत नाही. शंभर संचांत एकच तक्ता बिनचूक ओतण्याचे काम संगणक काही तासांत करतो. हे काम आपत्तीपूर्वी व परवानाधारकांकडून झालेले असावे लागते. धक्का बसल्यानंतर संगणक, तार आणि चालक-आज्ञावली शोधणे शक्य नसते.

स्फटिकाच्या काळाशी तुलना केली असता आणखी एक भेद दिसतो. जुना संच विकला गेला तर घेणाऱ्याला स्फटिकाची डबी दिसत असे, आणि आपण काय विकत घेतले हे वाचता येत असे. यूव्ही-५आरची स्मृती विजेवाचून टिकते. विजेरी काढून संच वर्षभर कपाटात ठेवला तरी तक्ता जसाच्या तसा राहतो. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो व तो हस्तांतरित होत नाही, परंतु संच विकला की मागच्या मालकाच्या सगळ्या ओळी त्याच्याबरोबर जातात : त्याने उघड्या ठेवलेल्या, त्याने एफएफ लिहून मिटलेल्या, आणि सात रोमन अक्षरांत नाव दिलेल्या. नवा मालक संच चालू करतो तेव्हा पडद्यावर त्यांतलेच एखादे नाव उमटते. ते कोणाचे व कशासाठी, हे जाणून घ्यावयाचे असल्यास त्याला प्रथम तार लावून तक्ता उतरवून घ्यावा लागतो.